कधीतरीची यादी

साहेब, शेखर शेवाळेला तुम्ही मारलंत असं कोणी म्हणत नाही. डॉक्टरच्या कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलंय, आणि कागदापुढे बापाचं काही चालत नसतं. पण मेल्यावरसुद्धा त्याला मोकळं होऊ दिलं नाहीत, हा गुन्हा तुमचा आहे. पुरावा हवा असेल तर त्याच्या दहाव्याला गोदाघाटावर जमलेली दीडशे माणसं आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत घडलंय. तुम्ही आला नाहीत, हार पाठवलात. तेव्हा काय झालं ते नीट ऐकून घ्या.

केरू शेवाळे त्या दिवशी उजाडायच्या आत घाटावर जाऊन बसला होता. अंबडच्या कारखान्यात अडतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस. कळवणकडच्या खेड्यातून एकविसाव्या वर्षी आला, मशीनपुढे उभा राहिला, तो निवृत्त झाल्यावरच बाजूला झाला. शेखरला मूलबाळ नव्हतं, म्हणून पोराचे पिंड बापानं द्यायचे होते. केरूची बायको कुसाबाई तीन वर्षांपूर्वी गेली. हे बघायला ती राहिली नाही, एवढीच काय ती देवाची मेहेरबानी.

कुसाबाईच्या वेळी पिंड खाली टेकतो न टेकतो तोच कावळा शिवला होता. शिवणारच. तिच्या मनात काय आहे ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. मला देवीच्या गडावर न्या, पोराचं लग्न बघू द्या, धाकट्या जावेला माझी हिरवी पैठणी द्या. दिवसातून वीस वेळा बोलायची. केरू वैतागून म्हणायचा, "टेप बंद कर गं." मरताना पैठणीचं तेवढं राहिलं होतं. केरूनं पिंडापुढे हात जोडून म्हटलं, "देतो." कावळा झेपावला. पाच मिनिटांचं काम झालं होतं.

शेखरच्या वेळी आधी भाषणं झाली. आपल्याकडे दहाव्याला माइक असतोच. गावाकडचे दोघं बोलले, सोसायटीचा सेक्रेटरी बोलला, आणि मग तुमच्या कंपनीकडून किशोर उभा राहिला. किशोर म्हणजे शेखरच्याच टीममधला, दोन टेबलं सोडून बसणारा पोरगा. कागदावरून वाचत होता.

"शेखर सर म्हणजे शिस्त. पहाटे साडेचारला उठणं, धावणं, दिवसाची आखणी, संध्याकाळी आढावा. दोनशे तेरा दिवस सरांनी एकही खाडा केला नाही."

खाडा हा शब्द कानावर पडला तसा केरूनं मान वर केली. कारखान्यात खाडा केला की पगार कापत, पण त्या दिवशी पाठ तरी जमिनीला लागे. पोरगा परदेशातल्या लोकांशी रात्री बारापर्यंत बोले आणि साडेचारला बूट घालून बाहेर पडे. मधल्या साडेचार तासांत झोप, स्वप्नं, कूस बदलणं, सगळं. दोनशे चौदाव्या दिवशी धावायच्या ट्रॅकवर खाली बसला, तो बसलाच. छत्तीस वर्षांचा होता.

आणि खरं बोलायचं तर केरूला या सगळ्याचा अभिमान होता. तो लपवायची गरज नाही. तुमच्या कंपनीनं सवयींचा वर्ग सुरू केला, शेखरनं दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडले, मोबाइलवर रंग भरले. कामाला लाल, व्यायामाला हिरवा, घराला पिवळा. तेव्हा केरू नातेवाइकांत सांगत फिरला होता, "आम्हाला भोंगा लागायचा. माझं पोरगं भोंग्याशिवाय उठतं." पिवळ्या रंगात हर्षालीला, म्हणजे शेखरच्या बायकोला, रोज वीस मिनिटं होती. रविवारी अकराला केरूचा नंबर. शेखर समोर येऊन बसे, मोबाइल पालथा ठेवी आणि विचारी, "नाना, काही हवंय का?" केरू म्हणे, "नाय रे बाबा, सगळं हाय." मग दोघं राहिलेली मिनिटं पंख्याकडे बघत बसत. एकाच घरात. पाथर्डी फाट्याच्या त्या फ्लॅटमध्ये बाप-लेकाच्या खोल्यांत भिंत एकच होती.

"पोराला काय हवंय, हे मी एकदा तरी इचारायचं ना," असं केरू या दहा दिवसांत कितीदा तरी बोलला होता.

नऊ वाजता पिंड ठेवले. सगळे मागे सरले. समोरच्या भिंतीवर पंधरा-वीस कावळे ओळीनं बसले होते. घाटावरचे कावळे काही उपाशी नसतात. रोज इतक्या जणांचं जेवण तिथं मांडलेलं असतं की त्यांनाही निवड करता येते. शेजारी ओझरच्या एका म्हातारीचा दहावा चालला होता. तिच्या पिंडावर दोन कावळे एकदम आले, भांडले, शितं उडवली. तिची माणसं सुटकेनं हसली. मग त्यांचं लक्ष केरूकडे गेलं आणि त्यांनी हसू आवरलं.

शेखरच्या पिंडाकडे एकही फिरकला नाही.

केरूनं हात जोडले. "शेखर, सुनेला लेकीसारखी बघीन. जा बाबा."

भिंतीवर हालचाल नाही.

हर्षालीचा भाऊ पुढे झाला, म्हणाला ताईची काळजी करू नका. मावशी म्हणाली वर्षश्राद्ध नीट घालू. कोंडाजी उठला. कोंडाजी हा केरूचा चुलतभाऊ, वयानं मोठा, कळवणहून पहाटेच्या एसटीनं आलेला, तोंडानं फटकळ. "शेखऱ्या, तुझ्या बापाला मी वाऱ्यावर सोडणार नाय. माझ्या मळ्यात नेऊन ठेवीन. ये आता, नखरे करू नको."

एक कावळा उडाला. उडून म्हातारीच्या पिंडावर गेला.

दहा वाजले. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघू लागले. कोंडाजी म्हणाला, "पोराचं काहीतरी राहून गेलं हाय. जे बोलताय ते तुमच्या मनातलं झालं. त्याच्या मनातलं कोणाला ठाव हाय का?"

दीडशे माणसं होती, साहेब. बायको होती, बाप होता, मामा, मावशा, मित्र. एकालाही सांगता येईना.

मागून कोणीतरी म्हणालं, "ऑफिसचं काही अडकलं असेल. त्यातच असायचा ना तो कायम."

सगळ्यांच्या माना किशोरकडे वळल्या. तो बिचारा गोंधळला, पण मोबाइल काढला. टीमच्या कामांचा एक फलक त्यात दिसतो म्हणाला, सरांच्या नावावर काय काय बाकी आहे ते कळेल. आणि मग गोदाघाटावर, पिंडापुढे उभा राहून, तो पोरगा वाचायला लागला. पैसे भरायच्या पानावरची चूक दुरुस्त करणं. नव्या आवृत्तीची चाचणी. गिऱ्हाइकाला अहवाल. नवीन मुलाला काम शिकवणं. प्रत्येक ओळीनंतर हात जोडून म्हणायचा, "सर, हे मी करतो." हसायचं नाही त्याला. त्याला जे येत होतं ते तो देत होता.

अकरा कामं झाली. कावळे जागचे हलले नाहीत.

"आरं," कोंडाजी म्हणाला, "त्या कावळ्याला एवढं कळलं असतं तर तो तुमच्याच कंपनीत लागला असता. भिंतीवर कशाला बसला असता?"

केरू इतका वेळ खाली बघत होता. तो म्हणाला, "किशोर, हे सायबाचं काम झालं. त्याचं सोताचं काय हाय का त्यात, ते वाच."

"काका, फलकावर स्वतःचं नसतं. ते सरांच्या फोनमध्ये, त्यांच्या यादीत असेल. आम्हाला तसंच शिकवलंय. डोक्यात काही ठेवायचं नाही, सगळं यादीत टाकायचं. आजचं, आठवड्याचं, दुसऱ्याकडे सोपवलेलं. आणि शेवटचा कप्पा 'कधीतरी'. जे करायचंय पण आत्ता नाही, ते त्यात."

बायकांमध्ये बसलेली हर्षाली उठली. दहा दिवसांत ती फारशी बोलली नव्हती. तिच्या पर्समध्ये शेखरचा फोन होता, रोज चार्ज करून ठेवलेला.

"मला माहितीये तो कप्पा," ती म्हणाली. "मी काहीही म्हटलं तरी म्हणायचे, टाकलंय कधीतरीत. विसरलो नाही हर्षू, लिहून ठेवलंय. मूल हवं म्हटलं तेव्हाही हेच म्हणाले. मी म्हटलं चला, लिहिलंय ना, म्हणजे मनात आहे."

तिनं फोन उघडून किशोरच्या हातात दिला. "वाचा. सगळं वाचा. मोठ्यानं."

माणसं जवळ सरकली. गुरुजीसुद्धा पुढे आले. केरूनं दगडाच्या पायरीला हात टेकला. आता कळणार होतं. पोरगा काय मनात घेऊन गेला ते बापाला आता कळणार होतं, मग ते काहीही असो, घर विकून करायची त्याची तयारी होती.

किशोरनं तो कप्पा उघडला आणि तसाच उभा राहिला.

"वाच की," केरू म्हणाला.

"काका, रिकामा आहे."

"म्हंजे?"

किशोरनं फोन त्याच्यासमोर धरला. पांढऱ्या पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र होतं आणि खाली अक्षरं. किशोरनं ती मराठीत सांगितली: शाब्बास, तुमचं सगळं आवरून झालं.

हर्षाली म्हणाली, "असं कसं होईल? मी पाहिलेत त्याच्यापुढचे आकडे. चाळीसच्या वर होते."

किशोरनं फोन तिला परत दिला. मग तो घाटाच्या पायरीवर मटकन बसला, पॅन्ट ओली होतेय याचं त्याला भान नव्हतं, आणि त्यानं सांगितलं. साहेब, तुम्हाला आठवत असेल. नसेल तर त्याच्या शब्दांत घ्या.

"चार महिने झाले. शुक्रवार होता. साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, 'कधीतरी'ची यादी म्हणजे मेंदूवरचं ओझं. जे वर्षभर हललं नाही ते तुम्ही करणार नाही. खोडून टाका, हलके व्हा, म्हणजे कामात लक्ष लागेल. मोठ्या पडद्यावर आमची नावं लावली होती, पुढे आकडे. ज्याचा शून्य होईल त्याला टाळ्या. माझे नऊ होते. मी दोन मिनिटांत उडवले. शेवटी एकटे सर राहिले. त्यांचे एकेचाळीस. खाली जात होते, वर येत होते, खोडत नव्हते. साहेब माइकवर म्हणाले, शेखर, भावनिक होऊ नकोस, यादी आहे नुसती. सगळे हसले. मग सरांनी सगळे एकदम निवडले आणि बटण दाबलं."

मग तो म्हणाला, "मी पण हसलो होतो, काका."

कोंडाजीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

हर्षालीनं विचारलं, "त्यात मूल होतं का?"

"वहिनी..."

"होतं की नव्हतं, एवढंच सांगा. खोटं बोलायचे का ते माझ्याशी, की खरंच लिहिलं होतं?"

"माहीत नाही, वहिनी. मी शेजारी होतो, पण वाचलं नाही. वरची एकच ओळ दिसली."

"कोणती?" हे केरूनं विचारलं.

किशोर त्याच्याकडे बघेना. "नानांकडून पितळी भोवरा करून घ्यायचा."

शेखर तिसरीत असताना केरूनं लेथवर उरलेल्या पितळेचा एक भोवरा कातून आणला होता. गल्लीत तसा कोणाकडे नव्हता. पोरानं तो शाळेच्या रस्त्यावर नालीत घालवला आणि मार बसेल म्हणून दोन दिवस सांगितलं नाही. केरूनं दुसरा कधी केला नाही. विषयच निघाला नाही. पोरगा छत्तीस वर्षांचा झाला आणि त्याला अजून तो हवा होता, आणि दर रविवारी अकराला समोर बसून तो विचारी, नाना, काही हवंय का.

"अर्ध्या तासाचं काम होतं," केरू म्हणाला. पुन्हा म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम होतं रे. अंबडात बाळू मिस्त्रीच्या शेडमध्ये लेथ मोकळाच असतो. नुसतं म्हणायचं."

तो उठला. पिंडापुढे गेला, गुडघे टेकले. इतका वेळ सगळे ऐकतील असं बोलत होते. तो हळू बोलला, घरात बोलतात तसा. "करतो बाळा. उद्याच करतो. पितळ चांगलं आणतो, भंगारातलं नाय. खालची आर बारीक काढतो, लय वेळ फिरंल असा. ये."

दोन कावळे भिंतीवरून खाली उतरले. एक चालत चालत हातभर अंतरावर आला. मान वाकडी करून पिंडाकडे बघितलं. मग पंख झटकून वर गेला.

बायकांत कोणीतरी हुंदका दिला. कोंडाजी पुढे येऊन केरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "केरू, उठ. एक कळली. चाळीस राहिल्या. तो एका भोवऱ्यावर कसा जाईल?"

केरू उठला, पण वेगळ्याच चेहऱ्यानं. मशीन बिघडली की तो असाच दिसायचा म्हणतात. रडणं बाजूला ठेवून त्यानं किशोरला विचारलं, "खोडलेलं परत निघत नाय का? आमच्यात ड्रॉइंग हरवलं तर ऑफिसात दुसरी प्रत असायची."

"फोनमधून नाही निघणार, काका. तीस दिवस कचऱ्यात राहतं, मग जातं. पण..." किशोरनं ओठ चावला. "हे ॲप कंपनीनं दिलेलं आहे. कंपनीकडे प्रत राहते. वर्षभर. साहेबांनी परवानगी दिली तर दहा मिनिटांत काढता येईल."

"मग लाव फोन."

किशोरनं तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर होता, साहेब, तेव्हा काय बोललात ते नाकारू नका. आधी तुम्ही दुःख व्यक्त केलंत. नीट केलंत, चूक काढता येणार नाही. मग किशोरनं काम सांगितलं. तुम्ही म्हणालात, ती माहिती कंपनीची मालमत्ता आहे, नियम आहेत, घरच्यांनी अर्ज करावा, दोन-तीन आठवड्यांत बघता येईल. किशोर म्हणाला, सर, आत्ता पिंड ठेवलेत, कावळा शिवत नाहीये. तुम्ही विचारलंत, "किशोर, तू हे खरंच मला कामाच्या वेळेत विचारतोयस?"

केरूनं फोन घेतला. "सायेब, राम राम. मी शेखरचा बाप."

"काका, माझी पूर्ण सहानुभूती आहे. पण मला अकराला दुसरी बैठक आहे. मेल टाका, मी स्वतः लक्ष घालतो."

फोन बंद झाला. दीडशे माणसांनी ऐकलं.

गुरुजी चांगला माणूस. घाई केली नाही, पण मागे दुसऱ्या घरची माणसं पिंड घेऊन ताटकळत होती. ते केरूजवळ आले. "नाना, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून शिववू. दोष लागत नाही."

"करा," केरू म्हणाला. "मागच्यांना उन्हात उभं करू नका. पण शिवला असं मी म्हणणार नाय, गुरुजी. गवत शिवलं."

गुरुजींनी दर्भाची गाठ मारून चोच केली, पिंडाला लावली, मंत्र म्हटला. माणसं चप्पल शोधत जेवणाकडे निघाली. जाताना एकमेकांशी हळू बोलत होती, आणि बरेच जण, विशेषतः तरुण, आपापल्या मोबाइलमध्ये काहीतरी उघडून बघत चालले होते.

केरू तिथंच पायरीवर बसला. किशोरला म्हणाला, "सायबाला लिहून पाठीव. मी सांगतो तसं."

किशोर चुळबुळला. "काका, माझ्या नंबरवरून नको. घरी लहान मुलगी आहे."

त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. हर्षाली केरूच्या शेजारी येऊन बसली. शेखरचा फोन तिच्या हातात होताच, आणि तुमचा नंबर त्यात होता. "सांगा नाना, मी लिहिते."

शेखरच्या नंबरवरून तुम्हाला आलेला निरोप तो हा. शब्द केरूचे, शेवटच्या दोन ओळी तिच्या.

"सायेब, मी मेल टाकणार नाय, मला येत नाय. पोरगा तुमच्याकडं अकरा वर्षं होता. त्याचे दिवस तुम्ही घेतले, ते त्यानं आपणहून दिले, त्याबद्दल भांडण नाय. त्याची झोप गेली, त्याबद्दल पण भांडण नाय, मी पण शाबासकी देत होतो. पण त्याला जे हवं होतं ते तुम्ही त्याच्या हातानं पुसायला लावलं, आन त्याची प्रत सोताजवळ ठेवली. ती आमची हाय. एकेचाळीस होत्या. एक कळली, ती मी करतोय. चाळीस कोणत्या? माझं वय अडुसष्ट हाय, मला येळ कमी हाय, मला करायला लागायचंय. त्यात मूल होतं की नाही, ते आधी सांगा. हो किंवा नाही, एक शब्द पुरे."

निरोपाखाली दोन निळ्या खुणा त्याच मिनिटाला उमटल्या. अकरा वाजायला चार मिनिटं कमी होती, म्हणजे तुम्हाला वेळ होता. त्याला आज सव्वीस दिवस झाले. फ्लॅटमध्ये म्हातारा आणि त्याची सून समोरासमोर बसतात, फोन मध्ये असतो.

साहेब, यादी तुमच्याकडे आहे. चाळीस कोणत्या, आणि त्यात मूल होतं की नव्हतं? उत्तर द्या.